कोणत्या डोक्याशी ताडून बघायचं?

डोक्याच्या एमआरआयच्या फिल्मवर एकाच माणसाचा मेंदू असतो. पण ती फिल्म वाचणाऱ्या डॉक्टरांच्या मनात त्याच वेळी आणखी एक मेंदू असतो, निरोगी माणसाचा. पोकळ्या रुंद झाल्यात, अमुक भाग आक्रसलाय, पांढरे ठिपके जरा जास्तच दिसतात, असं जे काही रिपोर्टात येतं ते सगळं त्या दुसऱ्या मेंदूशी ताडून आलेलं असतं. रुंद म्हणजे कुणापेक्षा? जास्त म्हणजे कितीच्या वर? तो दुसरा माणूस कोण, कुठला, काय खाऊन वाढला, शाळेत गेला होता की नाही, हे रिपोर्टात कुठेच नसतं. मला आताशा आजारी माणसाइतकीच या दुसऱ्या माणसाची चौकशी करावीशी वाटते.

हे सुरू झालं मोठ्या आईमुळे, म्हणजे माझ्या थोरल्या काकूमुळे. तिचा जन्म गेला वावरात. निंदण, वेचणी, आणि सांजच्याला घरी येऊन चूल. अलीकडे ती तेच तेच विचारू लागली. भाकरी टोपल्यात असताना परत पीठ मळायला बसू लागली. एका संध्याकाळी वावरातून येताना स्वतःच्याच घराच्या बोळीत वळायचं सोडून सरळ पांदणीला लागली, तेव्हा आम्ही तिला दवाखान्यात नेलं.

"मावशी, वय काय तुमचं?" डॉक्टरांनी विचारलं.

"मले का माहीत बाप्पा. कारडावर हाये ना, तेच लिवा."

कार्डावर १ जानेवारी १९५८ आहे. आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात कितीतरी म्हाताऱ्यांची जन्मतारीख १ जानेवारी आहे, आणि जे थोडेफार शाळेत गेले त्यांची १ जुलै. कुणी तरी, कधी तरी, चेहरा बघून साल ठरवलेलं असतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, जुनी दाखलखारीज रजिस्टरं हाताळते, त्यामुळे हे मला नवं नाही. फॉर्मवर ६६ पडलं आणि एमआरआय झाला. रिपोर्ट आला: वयाच्या मानानं मेंदूचा आक्रस किंचित जास्त.

मी डॉक्टरांना मिलोच्या, म्हणजे दुष्काळात रेशनवर आलेल्या परदेशी ज्वारीच्या, सालाबद्दल सांगितलं. १९७२-७३ ला रेशनवर ती लाल मिलो मिळायची, तेव्हा माझा थोरला चुलतभाऊ मोठ्या आईच्या कडेवर होता, आणि त्याच्याआधीची एक मुलगी होऊन गेलेली होती. हिशेब लावला तर ती कार्डापेक्षा निदान पाच-सहा वर्षांनी मोठी भरते. डॉक्टर तरुण होते आणि ऐकून घेणारे होते. त्यांनी ६६ खोडून 'अंदाजे ७२' लिहिलं, फिल्म पुन्हा उजेडावर धरली आणि म्हणाले, आता हे तेवढं जास्त वाटत नाही. मग रक्त तपासलं. बी-१२ जीवनसत्त्व फारच कमी निघालं. इंजेक्शनं सुरू झाली. तिचं विसरणं थांबलेलं नाही, पण बोळी आता चुकत नाही.

फिल्म तीच, माणूस तोच. फक्त ताडून बघायचं वय बदललं आणि अर्थ बदलला. त्यानंतर मी वाचायला लागले.

१९८८ साली तालैराख आणि तूर्नू या दोघांनी मेंदूचा एक नकाशा छापला. जगभरचे संशोधक पुढे कितीतरी वर्षं मेंदूतली जागा सांगायला तोच वापरत होते. तो बनला होता एका साठ वर्षांच्या फ्रेंच बाईच्या मृत मेंदूवरून. एक बाई, आणि बाकी सगळ्या जगाची डोकी तिच्या मापावर बसवलेली. नंतर कॅनडातल्या माँट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटनं १५२ निरोगी तरुण माणसांच्या एमआरआयची सरासरी काढली, आणि मेंदूचे फोटो मोजणाऱ्या कितीतरी सॉफ्टवेअरांत आजही ते सरासरी डोकं बसलेलं आहे. एकापेक्षा १५२ कधीही बरे. पण त्यात आमच्यासारखं कुणी असण्याची शक्यता किती, हे सांगायला गणित लागत नाही.

माझ्या शाळेला लागूनच अंगणवाडी आहे. तिथे दर महिन्याला लेकरांचं वजन होतं आणि ताई वाढीच्या तक्त्यावर ठिपका देते. ठिपका हिरव्या पट्ट्यात, पिवळ्यात की नारिंगी, यावरून आई ओळखते. एक ठिपका फारसं काही सांगत नाही, पट्टा सांगतो, कारण पट्टा हजारो धडधाकट लेकरांच्या वजनातून आलेला असतो. मेंदूसाठीही असाच तक्ता हवा, या विचारानं जगभरच्या संशोधकांनी आपापले एमआरआय एकत्र केले. २०२२ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला: १,०१,४५७ माणसं, १,२३,९८४ स्कॅन, आईच्या पोटातल्या गर्भापासून शंभरीच्या म्हाताऱ्यापर्यंत. त्यातून कळलं की मेंदूचा करडा भाग, जिथे पेशी दाटलेल्या असतात, सहाव्या वर्षाच्या आसपास सर्वांत मोठा असतो आणि पेशींना जोडणाऱ्या तंतूंचा पांढरा भाग एकोणतिशीच्या सुमाराला. सहाव्या वर्षी म्हणजे पहिलीत! माझ्यासमोर सतरंजीवर बसलेल्या पोरांच्या डोक्यात हे शिखर चालू असतं, हे वाचून मी कितीतरी वेळ पुढचं पान उलटलं नाही.

तो तक्ता करणाऱ्यांनीच दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्यात. एक, यातली बहुतेक माणसं युरोप आणि उत्तर अमेरिकेतली आहेत. दोन, एकेका रुग्णाचं निदान करायला हा तक्ता अजून तयार नाही. ही दुसरी गोष्ट मला पहिलीतून आलेली वाटते. अंगणवाडीचा तक्ता आपल्याला चालतो, कारण जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ साली तो काढला तेव्हा ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका यांच्यासोबत भारतातलीही, दक्षिण दिल्लीतली, लेकरं मोजली होती. आधी वेगवेगळ्या ठिकाणची मोजली, मग पट्टा काढला. मेंदूच्या बाबतीत पट्टा आधी निघाला आहे आणि मोजायची माणसं अजून यायची आहेत.

आपल्याकडे काम झालेलं नाही असं नाही. हैदराबादच्या ट्रिपल आयटीनं २०१९ मध्ये शंभर निरोगी भारतीय तरुणांच्या, पन्नास बाया आणि पन्नास पुरुष, एमआरआयवरून भारतीय मेंदूचा नकाशा केला. सरासरी भारतीय मेंदू उंचीला, रुंदीला आणि एकूण आकारमानाला पाश्चात्त्यांपेक्षा, आणि चिनी-कोरियन लोकांपेक्षाही लहान भरतो असं त्यांना दिसलं. याचा बुद्धीशी संबंध जोडायचं काहीही कारण नाही. निदानाशी मात्र आहे. मोठ्या मापाच्या मेंदूवर ताणून बसवलं तर आपला धडधाकट मेंदूही आक्रसल्यासारखा दिसू शकतो. सॉफ्टवेअर कवटीच्या मापाप्रमाणे दुरुस्ती करतात, पण आकाराची ठेवण त्यानं बदलत नाही. पुढच्याच वर्षी बंगळुरूच्या निम्हान्समधल्या संशोधकांनी वय ६ ते ६० मधल्या सरासरी मेंदूचे पाच वेगवेगळे भारतीय नमुने प्रसिद्ध केले. वयानुसार वेगळे, हे फार महत्त्वाचं. आणि कर्नाटकात कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूर तालुक्यात तर थेट खेड्यातली पंचेचाळीसच्या वरची माणसं घेऊन वर्षानुवर्षं पाठपुरावा चालला आहे. उद्दिष्ट दहा हजारांचं. बंगळुरूच्या सेंटर फॉर ब्रेन रिसर्चचं हे काम आहे. ते वाचलं तेव्हा मला आनंद झाला आणि हेवाही वाटला. कोलारच्या शेतकऱ्याला मिळालं ते विदर्भातल्या घाटंजीच्या, चिमूरच्या, धारणीच्या शेतकऱ्याला का मिळू नये?

कुणी म्हणेल, भारतीय नमुना झाला ना, मग विदर्भाचा वेगळा कशाला? मलाही वेगळा नको आहे. मला भारताच्या त्या नमुन्यात विदर्भातलं खेडं असायला हवं आहे, कारण इथलं जगणं मेंदूवर काही खुणा करत असणार आणि त्यातल्या आजाराच्या कोणत्या, नुसत्या जगण्याच्या कोणत्या, हे निरोगी माणसं बघितल्याशिवाय कळायचं नाही.

ऊनच घ्या. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो, चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे ४६-४७. काही तास पाणी पोटात गेलं नाही तर एमआरआयवर मोजलेलं मेंदूचं आकारमान किंचित कमी भरतं, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. पाणी प्यायलं की ते पूर्ववत होतं. आता विचार करा, भर उन्हाळ्यात एसटीच्या दोन गाड्या बदलून, वाटेत लघवीला जागा नाही म्हणून सकाळपासून पाणीच न प्यालेली बाई मशीनमध्ये जाते. तिच्या रिपोर्टातला आक्रस कशाचा?

फवारणीचं घ्या. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते सगळ्या राज्यानं पाहिलं. जे त्या वेळी वाचले, जे दरवर्षी पाठीवर पंप घेऊन पऱ्हाटीत शिरतात आणि ज्यांना काही होत नाही, त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. यातली कितीतरी औषधं मज्जातंतूंमधल्या संदेशांवरच काम करणारी, कीटकाच्याही आणि माणसाच्याही. वीस-वीस वर्षं फवारणी केलेल्या पण ठणठणीत माणसाचा मेंदू कसा दिसतो हे माहीत असेल, तरच उद्या हात थरथरायला लागलेल्या माणसाचा फोटो वाचता येईल.

आणि लकवा, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा बिघडून येणारा झटका. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेनं ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं शोधली, तो अभ्यास २०१५ साली छापून आला. मृत्यूच्या कारणांत पहिला क्रमांक लकव्याचा निघाला, १४.३ टक्के. म्हणजे सातातला एक. हिवताप नाही, साप नाही, लकवा. तोवर हा शहरातल्या बसून खाणाऱ्यांचा आजार असं खेड्यातलेही समजत होते.

पूर्व विदर्भात सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजारही घरोघर माहीत आहे. सिकलसेलच्या मुलांच्या मेंदूत कधी कधी रक्त न पोचल्यामुळे बारीक जखमा होतात, बाहेरून काहीच दिसत नाही, फार तर पोरगं अभ्यासात मागे पडतं आणि मास्तर त्याला आळशी म्हणतात. एमआरआयवर त्या जखमा दिसतात. पण त्या मुलाची तुलना कुणाशी करायची? मला वाटतं त्याच्याच निरोगी बहिणीशी, भावाशी, शेजारच्या घरातल्या लेकराशी, ज्यांनी तेच अन्न खाल्लं, तेच पाणी प्यालं आणि तीच शाळा बघितली.

शाळेचं मी मुद्दाम म्हणते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी वाचायला शिकवलं, आणि शिकण्याआधी व शिकल्यानंतर त्यांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. नुसत्या वरच्या थरातच नाही, तर खोलवरच्या थॅलॅमसपर्यंत आणि मेंदूच्या खोडापर्यंत फरक पडलेला दिसला. फळ्यावर मी जे क, ख, ग लिहिते ते इतक्या खोल जातं! पण याचा दुसरा अर्थही आहे. ज्या मेंदूला अक्षर कधी भेटलंच नाही, तो निरोगी असूनही वेगळा असणार. कॉलेजात शिकणाऱ्या तरुणांच्या मेंदूंवरून काढलेल्या पट्ट्यावर मोठ्या आईला बसवायचं, तर तिच्या न झालेल्या शाळेचं काय करायचं? बोलून घ्यायच्या स्मरणशक्तीच्या चाचण्यांत ही अडचण फार आधी ओळखली गेली. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांसाठी १९९५ च्या सुमारास निरक्षर माणसाला देता येईल अशी हिंदी चाचणी तयार झाली होती. फोटोंच्या बाबतीतही तेवढाच विचार व्हायला हवा.

निरोगी माणसांचे स्कॅन रुग्णाच्या थेट कामी कसे येतात, याचं मला सर्वांत पटलेलं उदाहरण मिरगीचं, म्हणजे फिट येण्याच्या आजाराचं आहे. माझ्या वर्गातला एक मुलगा बोलता बोलता थांबायचा, नजर कुठे तरी लागायची, ओठ चाळवायचे आणि मिनिटभरानं जागेवर यायचा. घरच्यांनी आधी बाहेरचं म्हणून केलं, मग नागपूरला नेलं. एमआरआय नॉर्मल. आई मला म्हणाली, "मॅडम, फोटोत काईच नाई म्हंते, मग पोट्ट्याले होते का?" अशा कितीतरी मुलांच्या मेंदूच्या सालीत, म्हणजे वरच्या थरात, जन्मापासून एक बारीकशी विस्कटलेली जागा असते, डोळ्याला सहज न दिसणारी. 'मेल्ड' नावाच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात २३ केंद्रांतल्या मिरगीच्या रुग्णांचे आणि त्यांच्या जोडीला निरोगी माणसांचे स्कॅन संगणकाला शिकवायला वापरले. निरोगी साल जागोजागी किती जाड असते, कुठे कशी दुमडते, हे त्याला हजार तऱ्हांनी दाखवलं. मग तज्ज्ञांच्या नजरेतून आधी सुटलेल्या जागांपैकी ६४ टक्के जागा त्यानं दाखवल्या, असं २०२५ च्या त्यांच्या शोधनिबंधात आहे. जागा सापडली तर शस्त्रक्रियेचा विचार होऊ शकतो, औषधांना दाद न देणारी मिरगी थांबू शकते. त्या पोराला न ओळखणाऱ्या, कुठलाच आजार नसलेल्या माणसांनी तासभर मशीनमध्ये पडून राहिल्याचं हे फळ आहे. मी याला दान म्हणते, आणि रक्तदानाच्या शिबिरांत रांगा लावणारा आमचा भाग हे दानही करेल याची मला खात्री आहे.

पण कसं करायचं, हे आधी नीट ठरलं पाहिजे. माझी खरी काळजी इथून पुढे आहे.

निरोगी कुणाला म्हणायचं? आमच्या गावात मला काही नाही म्हणणाऱ्या माणसानं बीपी कधी मोजलेलंच नसतं. म्हणजे आधी बीपी, साखर, हिमोग्लोबिन, बी-१२, सिकलसेल बघावं लागेल, आणि त्यातून जे आजारी निघतील त्यांना घरी पाठवून मोकळं होता येणार नाही, उपचाराला लावून द्यावं लागेल. येणार कोण, हाही प्रश्न आहे. लाखो लोकांची आरोग्याची माहिती जमवणाऱ्या ब्रिटनच्या यूके बायोबँकनं एक लाख माणसांच्या स्कॅनिंगचं काम पूर्ण केलं, जगात एवढं मोठं कुठे झालेलं नाही, पण त्यांनाही मान्य आहे की स्वतःहून येणारी माणसं बाकीच्यांपेक्षा खाऊनपिऊन सुखी आणि तब्येतीनं बरी असतात. आमच्याकडेही तसंच होईल. ज्याच्याकडे मोटारसायकल आहे आणि दुपार मोकळी आहे तो येईल. रोजानं जाणारी बाई येणार नाही. ती आली नाही तर तक्त्यात पुन्हा ती नसेलच.

आणि निरोगी माणसाच्या डोक्यात काही सापडलं तर? हे दुर्मीळ नाही. नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमला २००० लोकांचे, सरासरी वय ६३, एमआरआय केले. कुणालाही काही त्रास नव्हता. ७.२ टक्के लोकांत लकव्याच्या जुन्या, मुक्या खुणा निघाल्या, १.८ टक्के लोकांत रक्तवाहिनीला आलेला फुगा, १.६ टक्के लोकांत साधी, कर्करोगाची नसलेली गाठ. रॉटरडॅमच्या माणसाजवळ त्याचा डॉक्टर आणि विमा होता. आमच्या गावातल्या बाईला सांगितलं, तुझ्या डोक्यातल्या नसेला फुगा आहे, बहुतेक काही होणार नाही, पण आहे, तर ती ते घेऊन कुठे जाईल? घरचे तिला वावरात जाऊ देतील का? तिच्या लेकीच्या सोयरिकीत हे निघेल का? म्हणून पहिला स्कॅन व्हायच्या आधी लिहून ठेवलेलं असावं: फोटो कोणता तज्ज्ञ बघणार, सापडलं तर कोण आणि कुठे बसून सांगणार, पुढच्या तपासण्या कुठे, आणि पैसे कोण भरणार. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसेल ते बसवा, पण न बसणारं अभ्यासानं उचलावं. आणि ज्याला कळून घ्यायचंच नाही त्याला तेही म्हणायची मुभा हवी.

गुप्ततेचंही बघावं लागेल. डोक्याच्या एमआरआयवरून संगणक चेहरा परत उभा करू शकतो. २०१९ साली अमेरिकेत ८४ स्वयंसेवकांचे असे चेहरे त्यांच्या चेहऱ्याच्या साध्या फोटोंशी जुळवून पाहिले, त्यातले ७० जण ओळखले गेले. म्हणून स्कॅन कुणाला देण्याआधी त्यातला चेहऱ्याचा भाग पुसायचा असतो. हे सगळं संमतीच्या कागदावर मराठीत असावं, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला त्याच्या ओळखीच्या माणसासमोर, आशाताई असो की मास्तर, वाचून दाखवावं. अंगठा शेवटी घ्यावा.

मी हे गावात बोलले तेव्हा एका काकाजींनी सरळ विचारलं, "मंग मले का भेटन?" मी सांगितलं, तुम्हाला काही नाही. बीपी-साखर फुकट कळेल, बाकी काही नाही. पुढे कधी तुमच्या नातवाचा फोटो काढायची वेळ आली, तर डॉक्टरला तो तुमच्याशी ताडून बघता येईल. ते थोडा वेळ गप्प बसले. मग विचारलं, आत पडून राहायचं तर तोंडात खर्रा चालते का. नाही चालत म्हटलं. एक्स-रेसारखे किरण त्यात नसतात, चुंबक असतं, आवाज मोठा असतो, कानात बोळे देतात, मंगळसूत्र-जोडवी काढून ठेवावी लागतात, अंगात लोखंडाचा तुकडा किंवा हृदयात मशीन बसवलेलं असेल तर आधी सांगावं लागतं. "लिहा मग नाव," ते म्हणाले. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या काकूंनीही लिहा म्हटलं, तेव्हा काकाजींनी वळून बघितलं, पण अडवलं नाही.

वयाचं काम आम्ही शाळेत करू शकतो. मिलोचं साल, इंदिराबाईंची आणीबाणी, गावात लाइट आली ते साल, पहिलं लेकरू, नदीचा मोठा पूर, अशा खुणांवरून जुन्या माणसाचं वय दोन-तीन वर्षांच्या फरकानं लागतं. सातवी-आठवीची पोरं आजी-आजोबांना विचारून हे लिहून आणू शकतात, आणि कार्डावरच्या तारखेशेजारी ते वय अभ्यासाच्या फॉर्मवर जाऊ शकतं.

सेवाग्राम, सावंगी, नागपूरचं मेडिकल, मिहानमधलं एम्स, या मोठ्या दवाखान्यांपैकी कुणी हे मनावर घेतलं तर माझं एकच सांगणं आहे, दिवस आम्हाला विचारून ठरवा. महाशिवरात्र ते होळी हा काळ बरा. कापूस विकून झालेला असतो, तूर घरात आलेली असते, ऊन चढलेलं नसतं. ज्यांच्याकडे हरभऱ्याची सोंगणी असेल त्यांना आठवडाभर मागेपुढे घ्या. गाडी गावात पाठवा, गाडीत पाणी ठेवा, वाटेत बायांना उतरता येईल अशी जागा आधी बघून ठेवा. आणि बाईची त्या दिवसाची मजुरी त्याच संध्याकाळी तिच्या हातात द्या, घरातल्या पुरुषाच्या नाही.